शेक्सपिअरच्या खात्यावरचे शब्द

शेक्सपिअरने इंग्रजीला १७०० शब्द दिले, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. या आकड्याचं मूळ नाटकांपेक्षा कोशात आहे.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचं काम लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ साली हाती घेतलं. प्रत्येक शब्द लिखाणात पहिल्यांदा कुठे आला, हे दाखवायचंच, असा हट्ट. स्वयंसेवक घरी बसून जुनी पुस्तकं वाचत, चिठ्ठीवर वाक्य उतरवून धाडत. संपादक जेम्स मरे यांच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये या चिठ्ठ्यांच्या थप्प्या लागत. आता शेक्सपिअर घरोघरी होता. शिवाय मेरी काउडन क्लार्क या बाईंनी त्याच्या नाटकांची शब्दसूची १८४५ पर्यंत छापूनही टाकली होती. मग शब्दाची पहिली नोंद त्याच्याच नावावर पडे. त्याचाच समकालीन लेखक टॉमस नॅश वाचतो कोण? १९८० मध्ये अभ्यासक यूर्गन शेफर यांनी दोघांच्या कोशातल्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा नॅशचे कितीतरी शब्द निसटल्याचं उघड झालं. पुढे जुनी पुस्तकं संगणकावर आली आणि शेक्सपिअरच्या खात्यातले बरेच शब्द इतरांच्या नावावर चढले.

म्हणी तर तो राजरोस उसन्या घ्यायचा. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये मोरोक्कोचा राजपुत्र सोन्याची पेटी उघडतो. आत कवटी, आणि एक चिठ्ठी: चकाकतं ते सगळं सोनं नसतं. लगेच पुढची ओळ: हे तू पुष्कळदा ऐकलं असशील! तरी जनकपद आपण त्यालाच देऊन मोकळे.

मग त्याचं स्वतःचं काय? भरपूर आहे. इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश, रॉबर्ट कॉड्रीचा, १६०४ साली आला. तोही सुमारे २,५०० शब्दांचा. तोवर लॅटिनमधून शब्दांचा लोंढा चालू होता आणि चूक-बरोबर ठरवणारं कुणी नव्हतं. या मोकळिकीत त्याने नामांची बिनधास्त क्रियापदं केली. ‘रिचर्ड द सेकंड’मध्ये काका पुतण्यावर डाफरतात, ‘अंकल मी नो अंकल’. म्हणजे आपलं ‘काका-काका करू नकोस’. मॅकबेथ म्हणतो, माझे रक्ताळलेले हात समुद्रांना ‘इनकार्नाडाइन’ करतील. हा जड शब्द उभ्याने नाटक पाहणाऱ्याला कसा झेपणार? म्हणून त्याच दमात फोड करून सांगतो: हिरवा समुद्र लालेलाल. इनकार्नाडाइन मुळात त्वचेसारखा फिकट गुलाबी; या ओळीनंतर तो इंग्रजीत रक्ताचा रंग झाला.

आणि ‘मॅकबेथ’ त्याच्या हयातीत छापलंही गेलं नव्हतं. तो १६१६ साली वारला. हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या नाटकमंडळीतल्या दोन नटांनी १६२३ साली ३६ नाटकं एकत्र छापवली. त्यातली जवळपास निम्मी तोवर छापलेलीच नव्हती.