दीर्घकाळ टिकणारे एट्रियल फिब्रिलेशन : उपचार

हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि ही अवस्था ७ दिवसांहून अधिक टिकते, तेव्हा तिला दीर्घकाळ टिकणारे एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी रुग्ण ‘छातीत धडधडतंय, चढावर दम लागतो’ एवढेच सांगतात. मनगटावर बोटे ठेवली की दोन ठोके लागोपाठ, मग रिकामी जागा, मग घाईचा एक ठोका, अशी मेळ नसलेली नाडी लागते. निदान ईसीजीने पक्के होते.

उपचाराचा विचार ठोक्यांपासून नव्हे, गुठळीपासून सुरू व्हायला हवा. डाव्या अलिंदाला लागून असलेल्या लहान पिशवीत रक्त साकळते आणि तिथली गुठळी मेंदूत गेली की लकवा मारतो. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा लकव्याचा झटका पाहून रक्त पातळ करणारी गोळी ठरवतात. अनेकांना अ‍ॅपिक्सॅबॅनसारखी नवी औषधे चालतात. परंतु संधिवाती ज्वराने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) बरीच अरुंद झालेल्यांना, आणि असे रुग्ण आपल्याकडे अजूनही आढळतात, वॉर्फरिनच द्यावे लागते. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा रुग्णांमध्ये रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या औषधापेक्षा वॉर्फरिनच्या जातीची औषधे सरस ठरली. वॉर्फरिनवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ राखावा लागतो. पालेभाज्यांनी वॉर्फरिनचा परिणाम कमी-जास्त होतो; तरी मेथी-शेपू बंद करण्याचे कारण नाही, मात्र खाण्याचे प्रमाण दर आठवड्याला सारखे असावे. गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेणे खरोखर धोक्याचे, कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो. या भागातील रुग्ण कधी बेळगावला, कधी कोल्हापूर-मिरजेला दाखवतात, तेव्हा आयएनआरची नोंदवही सोबत नेलीच पाहिजे.

ठोक्यांचा वेग मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिनने आवरतात. विश्रांतीत मिनिटाला ११० च्या आत वेग असणे बहुतेकांना सुरुवातीला पुरते. लय परत आणायची असल्यास भूल देऊन विजेचा झटका देतात. त्याआधी किमान ३ आठवडे आणि नंतर किमान ४ आठवडे रक्त पातळ करणारे औषध चालू हवे. अ‍ॅमिओडॅरोन लय टिकवते, पण थायरॉईड, यकृत व फुप्फुसांवर लक्ष ठेवावे लागते.

अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे हृदयात नळी नेऊन बिघडलेले संकेत अडवण्याच्या प्रक्रियेचा, पाया १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हैसागेर व सहकाऱ्यांनी घातला : बिघडलेले संकेत बहुधा फुप्फुस-शिरांतून निघतात, हे त्यांनी दाखवले. त्या शिरांभोवती डाग पाडून संकेत अडवतात. अधूनमधून येणाऱ्या प्रकारापेक्षा या प्रकारात यश कमी मिळते आणि काहींना प्रक्रिया पुन्हा करावी लागते. लय सुधारली, तरी गुठळीचा धोका ज्यांना मुळातच जास्त आहे, त्यांची रक्त पातळ करणारी गोळी चालूच राहते.