दर आठवड्याला दहा टक्के? आधी नायट्रेट मोजा

समुद्री माशांची टाकी घरात आली की पहिला सल्ला ठरलेला: दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. सल्ला वाईट नाही. पण दोन क्लाऊनफिश असलेल्या टाकीला आणि दिवसातून तीनदा खाणाऱ्या टँग माशांच्या टाकीला एकच वेळापत्रक कसं लागू पडेल?

माशांच्या खाण्यातला नायट्रोजन शेवटी अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. खडकांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. बहुतेक टाक्यांत गाडी तिथेच अडते आणि नायट्रेट साचत जातं. पाणी बदलायचं ते मुख्यतः हा साठा काढण्यासाठी. तेव्हा आपल्या टाकीत तो आठवड्याला किती वाढतो, ते आधी कळायला हवं.

पाणी बदलल्यावर तासाभराने नायट्रेट मोजा. सात दिवसांनी, पुढचं पाणी काढण्याआधी, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक ही साप्ताहिक वाढ. मोजताना एक काळजी घ्या: काही टेस्ट किटमधल्या दुसऱ्या बाटलीतली पूड तळाशी बसते. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो आणि माणूस उगाच खूश होतो.

समजा वाढ ५ पीपीएम (दहा लाख भागांत ५ भाग) आहे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं, तर नायट्रेट चढत चढत ५० वर थांबतं. कारण ५० वर पोचल्यावर दहा टक्के पाण्याबरोबर बरोबर ५ बाहेर जातात आणि आठवड्यात तेवढेच परत येतात. २० टक्के बदललं तर हीच पातळी २५ वर थांबते. हिशेब सोपा आहे: वाढीला बदलाच्या प्रमाणाने भागा. फक्त मासे असतील तर ४० पर्यंत सहसा निभावतं. प्रवाळांच्या टाकीत २ ते १० च्या दरम्यान ठेवलेलं बरं, आणि ५ ची वाढ असताना तिथवर यायला दर आठवड्याला निम्मं पाणी ओतून द्यावं लागेल. एवढं मीठ कोण विकत घेणार? अशा वेळी खाणं कमी करा, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) नीट लावा.

महिन्यातून एकदाच ४० टक्के बदललं तर? सर्वोच्च पातळी तीच, ५०. मीठही तेवढंच लागतं. फरक हा की दहा टक्क्यांत नायट्रेट ५० आणि ४५ च्या दरम्यान हलतं, तर चाळीस टक्क्यांत ते एका तासात ५० वरून ३० वर येतं. त्याबरोबर क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरण्याची पाण्याची ताकद; खारेपणा नव्हे), पीएच, तापमान यांनाही धक्का बसतो. टाकीची क्षारता ८ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक) आणि नव्या मिठाच्या पाण्याची १२ असेल, तर २० टक्क्यांत ती ८.८ होते, ५० टक्क्यांत १०. नाजूक प्रवाळांची टोकं अशा उडीने पांढरी पडतात.

अमोनिया दिसला तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी ३० ते ५० टक्के बदला. समुद्री पाण्याच्या ८.२ पीएचला अमोनियाचा सुमारे ७ टक्के भाग विषारी रूपात असतो. ७ पीएचला तो जेमतेम अर्धा टक्का असतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून गेलेली चूक इथे खपत नाही.

पाणी बदलणं वेगळं आणि आटलेलं भरून काढणं वेगळं. वाफ होताना फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर आटलं की क्षारांचं प्रमाण हजारी ३५ वरून जवळजवळ ३७ वर जातं. ही भर गोड्या पाण्याने, रोजच्या रोज घालायची. एप्रिल-मे महिन्यात टाकीवर पंखा लावला असेल तर विशेष लक्ष ठेवा.

पाणी आरओचंच घ्या, पण पिण्याच्या आरओवर विसंबू नका. त्यात बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, शून्य आलेलं पाणी हवं. किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणायचा मोह मुंबईत तरी टाळा. सांडपाणी तर आहेच, शिवाय पावसाळ्यात खारेपणा उतरतो आणि गाळ वाढतो.

२० लिटर पाण्याला साधारण ७५० ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं. आधी थोडं कमीच घाला. नेहमी पाण्यात मीठ टाका. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गढूळपणा येतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा छोटा पंप) लावून काही तास फिरू द्या. मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) मोजा, आणि तो रिफ्रॅक्टोमीटर हजारी ३५ च्या द्रावणाने जुळवून घ्या. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

सायफन लावण्याआधी हीटर बंद करा, कारण गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. काचेवर चिकटपट्टीची खूण करून तिथवरच पाणी उतरवा. वाळूचा वरचा थर तेवढा ओढा, खोल वाळू ढवळू नका. नवं पाणी सावकाश सोडा. हीटर पुन्हा लावायला विसरू नका, आणि पुढचा तासभर स्किमरच्या कपावर नजर असू द्या. नव्या पाण्याने तो कधीकधी फेसाळून उतू जातो.