ताटाची डावी बाजू

मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला पक्षाघाताचा झटका बसलेला माणूस रुग्णालयातून घरी आला की पहिल्या काही दिवसांत जेवणाच्या वेळी एक चमत्कारिक गोष्ट दिसू शकते. ताटातली उजवीकडची भाजी संपते, मधली पोळी संपते. पण डावीकडचे मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर वाढल्यासारखीच राहते. तोंडाला चव नसेल, असे समजून घरची मंडळी ताट उचलतात. वास्तविक डोळे शाबूत असले तरी मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नसतो, आणि तेच ताट अर्धे फिरवून समोर ठेवले तर माणूस उरलेले जेवण निमूटपणे संपवतो. अशा वेळी ताटाच्या डाव्या कडेला लाल रंगाची पट्टी चिकटवतात आणि घास घेण्याआधी ती पट्टी शोधण्याची सवय लावतात. ज्या आजाराची खूण ताटात सापडते, त्याच्या उपचाराचा बराचसा भागही घरातच पार पडणार, हे ओघाने आले.

खेड्यापाड्यांत या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. मेंदूला रक्त पोचवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशी मरतात. हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे हा समज गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांच्या पाहणीने खोटा ठरवला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 1,599 मृत्यूंपैकी 229, म्हणजे 14.3 टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले, आणि तेथील मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. झटक्यातून वाचून अधू हातपायांनी घरी परतणारी माणसे या आकड्यात अर्थातच येत नाहीत.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, तरी हात पुन्हा हलू लागतो तो कसा? 1996 साली माकडांवर झालेल्या प्रयोगांनी याचे बरेच स्पष्ट उत्तर दिले. मेंदूत हाताची हालचाल चालवणाऱ्या भागात छोटी इजा केल्यानंतर ज्या माकडांना नुसते सोडून दिले, त्यांच्या मेंदूत इजेच्या शेजारचा, हाताचेच काम पाहणारा निरोगी प्रदेशही आकसत गेला. ज्यांना छोट्या खळग्यांतून खाऊचे कण उचलण्याचा सराव दिला, त्यांच्यात तो टिकला आणि काहींत वाढलाही. मेंदूतली जागा वापरणाऱ्याची असते. पडीक जमिनीवर शेजाऱ्याचा बांध सरकतो, तसाच हा प्रकार.

मात्र हा सराव रोज शेकडो वेळांचा होता. माणसांच्या उपचाराच्या सत्रात किती वेळा हालचाल होते, हे काही अभ्यासकांनी शेजारी बसून मोजले, तेव्हा हाताने एखादे खरे काम करण्याची संख्या सत्रामागे सरासरी 32 भरली. थेरपिस्टचा दोष नाही. सत्राचा वेळच तेवढा असतो. उरलेली भर कुठून घालायची, याचे उत्तर माझ्या मते स्वयंपाकघरात आहे. पावशेर लसूण सोलायचा, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, मेथीची जुडी निवडायची किंवा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या म्हटले, तर चिमूट, पकड आणि मनगटाची फिरकी नकळत शंभर-दोनशे वेळा होते, आणि शेवटी कामही झालेले असते. हात अजिबात हलत नसेल त्यालाही काम देता येते: चांगला हात कणीक मळत असताना अधू हात परातीच्या कडेवर ठेवून ती अडवून धरायची. हवेत हात वरखाली करण्याच्या व्यायामाला लोक आठवड्याभरात कंटाळतात, लसणाला सहसा नाही.

याच्या आड येते ते प्रेम. 'तुम्ही बसा, मी करते' हे वाक्य आपल्या घरांत आदराचे मानले जाते, आणि पक्षाघातानंतर तर सून, मुलगा, नातवंडे सगळेच ते म्हणू लागतात. सुरुवातीच्या काळात अधू हाताने काही करायला गेले की फसते, चांगल्या हाताने चटकन जमते, म्हणून मेंदू अधू हात वापरायचाच नाही असे शिकून बसतो. पुढे त्या हातात थोडी ताकद परतली तरी ही सवय सुटत नाही. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने माकडांवरील प्रयोगांतून हे दाखवले आणि त्यावरून उपचाराची एक पद्धत बसवली: चांगला हात जाड मोज्यात बांधून ठेवायचा आणि अधू हाताला कामाला जुंपायचे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 222 रुग्ण होते. ज्यांनी 2 आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगला हात बांधून सराव केला, त्यांचा अधू हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षानंतरही तो फरक टिकून होता. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांसाठीच ही पद्धत आहे, आणि ती तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावी.

रुग्ण स्वतःचे किती करू शकतो, हे जगभर 1965 साली प्रसिद्ध झालेल्या बार्थेल मापनाने मोजतात. जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशा 10 गोष्टींना मिळून 100 गुण असतात. मापन उपयोगी आहे, पण त्यात खाटेवरून खुर्चीवर जाणे विचारतात. जमिनीवरून उठणे, उकिडवे बसणे, मोरीचा कट्टा ओलांडणे विचारत नाहीत. पूर्ण गुण मिळवलेला माणूस पंगतीत खाली बसू शकेलच असे नाही. शिवाय उजवा हात गेलेल्याचे एक दुःख कोणत्याच मापनात बसत नाही: आपल्याकडे जेवणाचा हात वेगळा आणि शौचाचा वेगळा, आणि आता दोन्ही कामे एकाच हाताने करायची. अनेकजण या संकोचापोटी चारचौघांत जेवणेच टाळतात. मोठ्या दांड्याचा चमचा आणि संडासात हातातली पाण्याची फवारणी एवढ्यानेही हा संकोच पुष्कळ हलका होतो. बाकी सोयी कोणत्याही सुतार-गवंड्याकडून होण्यासारख्या आहेत: मोरीत रबरी चटई आणि टेकायला पक्की खुर्ची, भिंतीला लोखंडी दांडा, लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक. सदऱ्यात अधू हात आधी घालावा आणि सदरा काढताना तो शेवटी काढावा.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. उठवताना अधू हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. सैल पडलेला खांदा त्याने निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. आडवे झोपवून पाणी पाजू नये. गिळण्याचे स्नायू दुबळे असतील तर पाणी आणि चहा घट्ट पेजेपेक्षा जास्त धोक्याचे, कारण पातळ पदार्थ चटकन श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. जेवताना ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर डॉक्टरांना तातडीने सांगावे. कबुतराच्या रक्ताने मालिश करण्याचा सल्ला आजही दिला जातो. त्याने मेंदूत काहीही घडत नाही, पण त्या धावपळीत रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात आणि दुसरा झटका येण्याची शक्यता वाढते.

वाचा गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांचा हमखास गैरसमज होतो. स्वतःच्या मुलाचे नावही न आठवणारा माणूस गणपतीच्या आरतीत सगळ्यांबरोबर शब्द म्हणतो, तेव्हा तो सोंग करतो असे लोकांना वाटते. पाठ झालेले, चालीत बसलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, आणि उपचारात याच वाटेचा उपयोग करून घेतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना झटक्यानंतर नैराश्य येते, आणि त्यावर औषध आहे, हेही घरात माहीत असावे.

मग सगळे कुटुंबावरच सोपवावे का? भारतातील 14 रुग्णालयांतल्या 1,250 रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. एका गटात घरच्या एका माणसाला रुग्णालयात शिकवून, घरीही 2 महिन्यांपर्यंत मार्गदर्शन दिले; दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. 2017 साली निकाल आला: 6 महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच होते. मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. तो प्रामाणिक आहे. घरच्यांना शिकवले की प्रशिक्षित माणसाची गरज संपली, ही सोयीची समजूत त्याने मोडीत काढली. समाजाधारित पुनर्वसनाची, म्हणजे अधू माणसाला त्याच्या घरी-गावीच सावरण्याची कल्पना 1978 च्या आल्मा-आटा येथील प्राथमिक आरोग्यसेवेवरील परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने मांडली, तीही सगळा भार घरावर टाकण्यासाठी नव्हती; त्यात गावातला प्रशिक्षित कार्यकर्ता, शेजारी आणि गरज पडेल तेव्हा वरचे रुग्णालय हे तिघेही धरलेले होते.

असा कार्यकर्ता आपल्याकडे आशा सेविका असो किंवा फिजिओथेरपिस्ट, त्याने घरी जाण्याची वेळ जेवणाची किंवा आंघोळीची निवडावी. एरवी गेल्यास रुग्ण नीटनेटका कॉटवर बसलेला असतो, 'बरं आहे' म्हणतो, आणि ताटाची डावी बाजू कोणी पाहत नाही.