‘चेकआउट’चा गोंधळ आला कुठून?

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ‘चेकआउट’ केलं आणि दुपारपासूनचं काम पुसलं गेलं, ही तक्रार कोल्हापुरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून अजूनही ऐकू येते. तक्रार करणारा बहुधा चाळिशीपुढचा असतो. नवी पोरं हसतात. पण चूक त्याच्या बोटांची कमी आणि त्या शब्दाची जास्त.

फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं पहिलं नावाजलेलं साधन, एससीसीएस, १९७२ सालचं, एका अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतलं. त्यानंतर १९८२च्या सुमारास आरसीएस आलं. दोन्हींत रीत एकच: फाइल बदलायची तर आधी तिला आपलं कुलूप लावायचं. आपल्याकडे यातलं काही पोचलं नाही.

इथे शाहूपुरी, राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसांत फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅम लिहायच्या साधनांवर काम चालायचं. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, साखर कारखाने, शिरोलीच्या फाउंड्र्या. बॅकअप म्हणजे फोल्डरची कॉपी आणि नावात तारीख. ‘०५०३०२’ हा पाच मार्च की तीन मे, यावर वाद झालेले आहेत. व्हिज्युअल बेसिकची खोड वेगळीच. फॉर्ममधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या पडद्यावरच्या खिडकीतली, चित्रं, आयकॉन शेजारच्या एफआरएक्स फाइलीत असायचे. घाईत फॉर्मची नुसती मूळ एफआरएम फाइल उचलली की फॉर्म उघडताना चुकांची यादी समोर यायची.

मग सोर्ससेफ हे आवृत्त्या सांभाळणारं साधन आलं. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली ते विकत घेतलं आणि पुढे व्हिज्युअल बेसिकसोबत ते ऑफिसाऑफिसांत पोचलं. ‘चेकआउट’ हा शब्द बहुतेकांना तिथे भेटला. अर्थ स्वच्छ होता: फाइल माझ्या ताब्यात, इतरांनी फक्त वाचायची. चेकइन होईपर्यंत, म्हणजे फाइल परत जमा होईपर्यंत, बाकीचे थांबणार. ‘अरे, मेन फॉर्म कुणी धरून ठेवलाय?’ ही हाक दिवसातून चारदा ऐकू यायची. आज कुलूपपद्धतीला मागास म्हणतात. तीन-चार माणसांच्या ऑफिसात ती बरी होती, असं माझं मत आहे. कोण कशावर काम करतंय हे न विचारता कळायचं.

दुखणं दुसरीकडे होतं. सोर्ससेफची साठवण सर्व्हरवरच्या एका शेअर फोल्डरमध्ये, आणि प्रत्येकाचं मशीन त्यात थेट लिहिणार. मधूनच लिहिणं तुटलं की साठवण बिघडायची. २००५नंतर राज्यभर भारनियमन वाढलं, तेव्हा साठवण तपासून दुरुस्त करणारं ‘ॲनालाइझ’ चालवणं हा इथे नित्यनेम झाला.

२००४ साली सबव्हर्जन या दुसऱ्या साधनाची पहिली पक्की आवृत्ती आली आणि तोच शब्द उलटला. आता चेकआउट म्हणजे प्रकल्पाची प्रत आपल्या मशीनवर आणणं. कुलूप नाही, मक्तेदारी नाही. गिट २००५चं. तिथे चेकआउट म्हणजे दुसऱ्या ब्रँचवर, कोडच्या वेगळ्या शाखेवर, जाणं. आणि पुढे फाइलचं नाव दिलं की त्याच आज्ञेने त्या फाइलीतले न नोंदवलेले बदल टाकून दिले जातात, तेही न विचारता. सोर्ससेफवर घडलेला माणूस ‘फाइल ताब्यात घेतो’ म्हणून ही आज्ञा देतो, आणि दुपारपासूनचं काम जातं.

ही गाठ सोडवायला १४ वर्षं लागली. १६ ऑगस्ट २०१९ला आलेल्या गिट २.२३ने कामं वेगळी केली: ब्रँच बदलायला ‘स्विच’, फाइल पूर्ववत करायला ‘रिस्टोअर’. इथे कुणाचं लक्ष असणार? त्याच महिन्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फूट ओलांडले होते, धोक्याची पातळी ४३ फुटांची. शाहूपुरीतल्या तळमजल्यांवरून तेव्हा चिखल काढणं चाललं होतं. ओळखीच्या एका ऑफिसातला कोड बचावला, कारण तो बाहेरच्या सर्व्हरवर ढकललेला होता. गिऱ्हाइकांच्या डेटाबेसचा बॅकअप मात्र बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर होता, आणि ती डिस्क सर्व्हरशेजारच्याच कपाटात. आपल्याकडे गिट आहे म्हणजे बॅकअप आहेच, अशी त्यांची समजूत होती.

कोड लिहायचे एडिटरही आता स्वतः जुन्या प्रती ठेवतात. व्हीएस कोडमध्ये ही सोय २०२२पासून आहे. चेकआउटने पुसलेली फाइल कधी कधी तिथे सापडते, तीही मधे सेव्ह केलेली असेल तरच. जुना ‘चेकआउट’ मात्र गिटमधून काढलेला नाही, ब्रँच बदलणं आणि फाइल पूर्ववत करणं, या दोन्ही अर्थांनी तो आजही चालतो.