रोड सायकलसाठी ट्यूबलेस टायरची निवड (सातारा परिसर)

ट्यूबलेस रचनेत सायकलच्या चाकात वेगळी ट्यूब नसते. टायरची कड रिममध्ये घट्ट बसते, रिमवरची आऱ्यांची भोके टेपने बंद केलेली असतात आणि आत सोडलेले पातळ सीलंट बारीकसारीक गळती बुजवत राहते. माउंटन बाइकसाठी ही पद्धत १९९९ मध्ये माविक कंपनीच्या यूएसटी नावाच्या रिमबरोबर आली. रोड सायकलसाठी हचिन्सन आणि शिमानो या कंपन्यांनी ती २००६ मध्ये आणली. रोड टायरमध्ये हवेचा दाब जास्त आणि हवेचे आकारमान कमी असल्यामुळे डोंगरी सायकलचे अनुभव इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सातारा जिल्ह्यात टायरची परीक्षा दोन तऱ्हांनी होते. पूर्वेकडे माण-खटावच्या कोरड्या रस्त्यांवर काटे असतात. पश्चिमेकडे यवतेश्वर, कास, ठोसेघर, चाळकेवाडी आणि पसरणी घाटाच्या बाजूला पाऊस, उतार आणि उखडलेली खडी असते. काट्याचे छिद्र सीलंट बुजवते; खडीने फाटलेली बाजूची भिंत ते बुजवू शकत नाही. त्यामुळे टायर निवडताना रिम, रुंदी, आवरण आणि मग कंपनी, हा क्रम ठेवावा. बहुतेक खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते.

रिम

रिम ट्यूबलेससाठी बनलेली आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. अशा रिमच्या आत मध्यभागी खोल खाच असते आणि दोन्ही बाजूंना सपाट पट्टी. या पट्टीच्या आतल्या काठावर बारीक उंचवटा असतो. टायरची कड, म्हणजे बीड, हा उंचवटा ओलांडून पट्टीवर अडकते आणि हवा कमी झाली तरी सहज घसरत नाही. साध्या दुहेरी भिंतीच्या रिमवर टेप आणि सीलंट घालून केलेला जुगाड डोंगरी सायकलच्या २५–३० पीएसआयला (दर चौरस इंचाला पाउंड, हे हवेच्या दाबाचे एकक) कधी चालून जातो. रोडच्या ६०–७० पीएसआयला टायर एका झटक्यात रिमबाहेर येऊ शकतो. रिमवर किंवा तिच्या माहितीपत्रकात ‘ट्यूबलेस’, ‘ट्यूबलेस रेडी’ किंवा ‘टीएलआर’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर विषय तिथेच संपवावा. हाच नियम टायरलाही लागू आहे. साध्या घडीच्या टायरची बीड ताणली जाते, म्हणून तो ट्यूबशिवाय कधीही चालवू नये.

रिम हुकाची की बिनहुकाची, हे त्यानंतर पाहावे. हुकाच्या रिमचे काठ आत वळलेले असतात आणि बीडला धरून ठेवतात. बिनहुकाच्या, म्हणजे हुकलेस रिमचे काठ सरळ असतात. काही ठिकाणी त्यांना ‘टीएसएस’ म्हणतात. हुकलेस रिमवर दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय आहे आणि टायरवर ‘हुकलेस चालतो’ असा उल्लेख लागतोच. कॉन्टिनेंटलचा जुना ग्रां प्री ५००० टीएल हुकलेसवर चालत नाही, नंतर आलेला ५००० एस टीआर चालतो. नावातला फरक इतका बारीक असल्याने जुना माल स्वस्तात मिळाला तर नाव पूर्ण वाचावे. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत हुकलेस रिमवरून टायर सुटून एक स्वार कोसळला. त्या रिमची आतली रुंदी २५ मिमी आणि टायर २८ मिमीचा होता. युरोपातील टायर-रिम मानक संस्थेच्या शिफारशीनुसार त्या रुंदीला किमान २९ मिमीचा टायर हवा होता. हुकलेसवर एक-दोन मिलिमीटरची सूट घेऊ नये.

रुंदी

टायरच्या बाजूवर ‘२८-६२२’ किंवा ‘७००×२८सी’ असे छापलेले असते. यातला २८ हा आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ६२२ हा बीड बसते तिथला रिमचा व्यास. छापील रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी एक असेलच असे नाही. रिम आतून १ मिमी रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. १९ मिमीच्या रिमवर २८ भरणारा टायर २३ मिमीच्या रिमवर ३० च्या जवळ जातो. म्हणून फ्रेम, फोर्क आणि ब्रेक यांच्यात टायरभोवती निदान ४ मिमी मोकळी जागा उरते का, हे मोजून घ्यावे. पावसात चाळकेवाडीच्या पठारावर लाल चिखल टायरला चिकटतो, तेव्हा ही जागा भरून चाक फ्रेमला घासते. जुन्या रिम-ब्रेकच्या अनेक सायकलींत २५ किंवा फार तर २८ मिमी मावतो. डिस्क ब्रेकच्या अलीकडच्या सायकलींत ३२ सहसा बसतो.

जागा असेल तर या परिसरासाठी ३२, नसेल तर २८ घ्यावा. महामार्गावरून कराडपर्यंत जाऊन येणाऱ्याला २८ पुरतो. कासकडे किंवा बामणोलीकडे जाणाऱ्याला ३२ चा फायदा पहिल्याच पावसाळ्यानंतर कळतो, कारण डांबराची कड तुटलेली असते आणि समोरून बस आली की सायकल खडीत उतरवावी लागते. २५ मिमीच्या ट्यूबलेसला इथे फारसा अर्थ नाही. तो ७५–८० पीएसआयवर चालवावा लागतो आणि इतक्या दाबाला सीलंट छिद्रातून फवाऱ्यासारखे उडून जाते, गोठत नाही.

आवरण

शर्यतीचे टायर (कॉन्टिनेंटल ५००० एस टीआर, श्वाल्बे प्रो वन, पिरेली पी झीरो रेस टीएलआर) हलके आणि लवचिक असतात. त्यांचे संरक्षण मुख्यतः मधल्या पट्ट्याखाली असते, बाजूची भिंत पातळ. बारमाही वापराच्या टायरमध्ये (५००० एएस टीआर, पिरेली चिंतुरातो वेलो) रबर जाड आणि कापांना जास्त दाद न देणारे असते. वजन थोडे वाढते आणि चाल थोडी जड लागते. साताऱ्याच्या रस्त्यांना दुसरा गट अधिक मानवतो. दोन्ही चाकांना एकच टायर घालण्याची गरज नाही. भार मागे जास्त असतो, मागचा टायर लवकर झिजतो आणि पंक्चरही बहुधा मागेच होते. म्हणून मागे दणकट आणि पुढे लवचिक टायर घालणे हा चांगला मार्ग. पुढच्या टायरची पकड मात्र जपावी. वाई सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. ओल्या पसरणी घाटातून उतरताना वळणावर सायकल धरून ठेवण्याचे काम पुढचा टायर करतो.

टीपीआय, म्हणजे इंचातील धाग्यांची संख्या, यावर विसंबून टायर घेऊ नये. काही कंपन्या एकाच थराचे धागे मोजतात, काही सगळ्या थरांची बेरीज छापतात.

वजन कमी होईल म्हणून ट्यूबलेस घेणाऱ्याने हिशेब करावा. २८ मिमीचा ५००० एस टीआर सुमारे २८० ग्रॅम, सीलंट ३५ ग्रॅम आणि व्हॉल्व्ह ५ ते ८ ग्रॅम. त्याच मापाचा ट्यूबचा ५००० सुमारे २४० ग्रॅम आणि साधी ब्युटाइल ट्यूब १०० च्या आसपास. फरक नगण्य आहे. टीपीयूची, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची, ३५–४० ग्रॅमची ट्यूब घातली तर पारडे उलटेच फिरते. ट्यूबलेसचा लाभ कमी दाबात चालण्यात आणि काट्यांपासून मिळणाऱ्या सुटकेत आहे. महिन्यातून दोनदा सायकल काढणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग होत नाही आणि सीलंट मात्र उभ्या सायकलीत सुकून जाते. त्याने ट्यूबच ठेवावी.

सीलंट

रोडसाठी लॅटेक्सचे सीलंट वापरावे. २८ मिमीच्या टायरला ३० ते ४५ मिलि, ३२ ला ४५ ते ६० मिलि पुरते. मोटारसायकलच्या टायरसाठी मिळणारे दाट, तंतू असलेले द्रव इथे चालत नाही. ते जड असते, पातळ व्हॉल्व्ह बुजवते आणि सायकलच्या दाबाला टिकत नाही. बाटलीवर ‘दोन ते सहा महिने’ लिहिलेले असते. मार्च ते मे या काळात, विशेषतः दहिवडी-म्हसवड भागात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये सायकल ठेवल्यास, दीड-दोन महिन्यांतच तपासावे. तपासण्यासाठी व्हॉल्व्ह वर घेऊन हवा सोडावी, कोअर (व्हॉल्व्हच्या आतला फिरवून निघणारा भाग) काढावा, मग व्हॉल्व्ह खाली आणून थोडा वेळ थांबावे आणि प्लॅस्टिकची बारीक पट्टी आत घालून पाहावी. ओली निघाली नाही तर सीलंट संपले. ज्या ब्रँडचे आहे तेच भरावे. दोन रसायने मिसळली की काही वेळा गोळे होतात.

बसवणे

टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी जास्त हवी: १९ मिमीच्या रिमला २१, २१ च्या रिमला २५. रिम आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. तेलाचा किंवा जुन्या गोंदाचा अंश राहिला तर टेप तिथून सुटते. टेप चांगली ताणून, व्हॉल्व्हच्या भोकाच्या थोडे अलीकडून सुरू करून त्याच्या पलीकडे संपवावी, म्हणजे भोकावर दोन थर येतात. टोके १० ते १५ सेंमी एकमेकांवर चढवावीत. भोक सुरीने कापू नये, चीर पुढे पसरते. दाभण तापवून पाडलेल्या भोकाची कड वितळून बंद होते. व्हॉल्व्हची लांबी रिमच्या खोलीपेक्षा १५ ते २० मिमी जास्त असावी आणि त्याची चकती बोटांनीच आवळावी. पकडीने आवळली तर वाटेत ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती हलत नाही.

टायर बसवताना दोन्ही बीड रिमच्या मधल्या खोल खाचेत ढकलत जावे. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आणावा. तिथे ढिलाई मिळते. लोखंडी लिव्हरने टेप फाटते, म्हणून प्लॅस्टिकचा वापरावा. त्यानंतर साबणाचे पाणी बीडला लावून, कोअर काढून एकदम जोरात हवा भरावी. साधा पंप पुष्कळदा कमी पडतो. टाकी असलेला पंप किंवा पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लागतो. पण दुकानाची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हची असते, म्हणून प्रेस्टा, म्हणजे रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हसाठीचा पितळी अडॅप्टर सोबत न्यावा. अडॅप्टरसाठी कोअर लावलेलाच ठेवावा लागला तर हवा हळू जाते आणि बीड बसणे अवघड होते. मशिनवाल्याला दाबाची मर्यादा आधीच सांगावी, कारण मालवाहू गाड्यांच्या सवयीने हवा भराभर चढवली जाते. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या दोन मर्यादांपैकी जी कमी ती पाळावी. बीड बसताना टणटण आवाज येतात. टायरच्या कडेची बारीक रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की काम झाले. मग हवा सोडून, कोअरच्या जागेतून सीलंट घालून, पुन्हा हवा भरून चाक फिरवावे आणि दोन्ही बाजूंवर काही मिनिटे आडवे ठेवावे.

हवेचा दाब

स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो भार आणि २१ मिमीची रिम धरली, तर २८ मिमीला पुढे ६० व मागे ६४ पीएसआय, ३२ ला पुढे ४८ व मागे ५२ ही सुरुवात ठीक. खडबडीत रस्त्याला त्यातून ४–५ कमी करावे. रिमवर ठोका बसत असेल तर वाढवावे. हाताला सतत कंप जाणवत असेल तर कमी करावे. भार ९५ किलोच्या वर आणि रिम हुकलेस असेल, तर २८ मिमीसाठी लागणारा दाब मर्यादेला टेकतो. अशा वेळी ३२ शिवाय पर्याय नाही. हवा सावलीत भरून उन्हात निघाल्यास दर १० अंशांना सुमारे २ ते ३ पीएसआय वाढतात. रिम-ब्रेकवर लांब उतार सतत ब्रेक दाबून उतरू नये; रिम तापते आणि दाब आणखी चढतो.

बिघाड

नवा टायर पहिल्या रात्री ५–१० पीएसआय गमावतो, ते चालते. तीन-चार दिवसांनंतरही सकाळी चाक मऊ सापडत असेल तर टेप किंवा व्हॉल्व्हचा तळ गळतो आहे. चाक पाण्यात धरावे: आऱ्यांच्या निपलमधून बुडबुडे आले तर टेप दोषी, व्हॉल्व्हच्या मुळाशी आले तर त्याचा रबरी तळ. पंप लावूनही हवा आत जात नसेल तर बहुधा कोअरमध्ये सीलंट सुकलेले असते. कोअर स्वस्त मिळतो, दोन जवळ बाळगावेत.

काट्यांमध्ये सर्वांत त्रासदायक सराटा. पावसानंतर रस्त्याच्या कडेला तो पसरतो आणि वाळला की डांबरावर येतो. वेड्या बाभळीचा काटा लांब आणि ताठ असतो. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरमधल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे पडलेले असतात. ते रुतले की गळती इतकी संथ होते की पंक्चर लक्षातही येत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे कोरेगाव-रहिमतपूर रस्त्यावर पाचट साचते आणि कडेचे काटे-तारा झाकल्या जातात. काटा काढल्यावर छिद्र लगेच खाली आणून चाक थांबवावे; दाब ४० च्या आसपास उतरल्यावर सीलंट सहसा पकड घेते. २–३ मिमीपेक्षा मोठ्या छिद्राला रबरी प्लग लागतो, आणि घरी गेल्यावर आतून पॅच.

बाजूची भिंत फाटली तर प्लग टिकत नाही. त्यासाठी एक ट्यूब, लिव्हर आणि जुन्या टायरचा चार बोटे रुंद तुकडा बरोबर असावा. तुकडा आतून फाटीवर ठेवून ट्यूब फुगवायची. कार्बन डायऑक्साइडची नळी सीलंटच्या टायरमध्ये सोडू नये, काही लॅटेक्स थंडीने गोठतात. ट्यूब घालण्याआधी टायरची आतली बाजू कापडाने सावकाश चाचपावी. आठवडे दोन आठवडे सीलंटने सांभाळलेली सराट्यांची दहा-पंधरा टोके तिथे उभी असतात. त्यातले एक जरी राहिले, तर नवी ट्यूब पहिल्या किलोमीटरमध्ये पंक्चर होते.