कंडेम्नेशन (अमेरिकी भूमिविधी)

खाजगी जमीन मालकाच्या संमतीविना, पण मोबदला देऊन सार्वजनिक उपयोगासाठी ताब्यात घेण्याची कार्यवाही. अमेरिकेत हीच संज्ञा एखादी इमारत राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करवण्यालाही लावतात. पहिल्या प्रकारात मोबदला घटनेने बंधनकारक आहे. दुसऱ्यात सहसा तो मिळत नाही. (भारतातील कायद्यासाठी पहा : भूसंपादन.)

पहिल्या अर्थामागील अधिकारास ‘एमिनंट डोमेन’ म्हणजे सर्वोपरी स्वामित्व म्हणतात. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याच्या १६२५ च्या लॅटिन ग्रंथापासून ही संज्ञा रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. कल्पना त्याहून किती जुनी, हा मात्र वादाचा विषय आहे. रोमन परंपरेत तिचे मूळ शोधणारे सेनेकाचे एक वचन पुढे करतात : सर्वांवरील सत्ता राजाची, मालकी ज्याची त्याची. परंतु या वचनात सत्ता आणि मालकी वेगळ्या काढल्या आहेत, राजाला जमिनीचा धनी ठरवलेले नाही. त्यामुळे त्याचा आधार लंगडाच पडतो. हा अधिकार मूळ मालकीचा उरलेला अंश की सार्वभौमत्वाचेच अंग, हा दुसरा वाद. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कोल (Kohl) खटल्यात (१८७६) सार्वभौमत्वाचा पक्ष घेतला आणि तोच अधिक सयुक्तिक दिसतो. पाचव्या घटनादुरुस्तीने (१७९१) हा अधिकार नव्याने दिलेला नाही. तो आहेच असे धरून तिने ‘सार्वजनिक उपयोग’ आणि ‘न्याय्य मोबदला’ यांचा उल्लेख केला आहे.

दुसऱ्या अर्थाचा आधार आरोग्य व सुरक्षितता राखण्याचा राज्याचा नियामक अधिकार होय. मग्लर खटल्यानुसार (१८८७) अपायकारक वापरास बंदी घालणे म्हणजे मालमत्ता घेणे नव्हे. पेनसिल्व्हेनिया कोल या कोळसा कंपनीच्या खटल्यात (१९२२) न्यायमूर्ती होम्स यांनी याला मर्यादा घातली : नियमन फारच पुढे गेले तर ते संपादनच ठरते. ‘फारच पुढे’ म्हणजे कुठवर, याचे मोजमाप त्या निकालात नाही. बर्मन खटल्यात (१९५४) मोडकळीस आलेल्या वस्तीचा पुनर्विकास हाही सार्वजनिक हेतू ठरला आणि त्या वस्तीतील सुस्थितीतली इमारतही संपादनातून सुटली नाही. येथे दोन्ही अर्थ एकमेकांच्या फार जवळ येतात.

आडवळणाच्या वस्तीच्या संपादनाचे बरेच अभ्यासलेले उदाहरण व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचे आहे. १९२८ च्या राज्य कायद्याने प्रत्येक शेतावर वेगळा दावा लावण्याची गरज उरली नाही. एका काउंटीतील (जिल्ह्यातील) जमिनी एकाच कार्यवाहीत घेता आल्या. एका जमीनमालकाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात १९३५ मध्ये फेटाळले गेले. त्याच वर्षी उद्यान स्थापन झाले. मोबदला फक्त मालकाला मिळे; कुळाने वा कागदपत्रांविना राहणाऱ्याने जमिनीच्या किमतीवर हक्क सांगण्यास जागा नव्हती. डोंगरातले लोक जगापासून तुटलेले व मागासलेले आहेत, असे चित्र १९३३ च्या एका अभ्यासग्रंथाने रंगवले होते आणि ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पुरातत्त्वज्ञ ऑड्री हॉर्निंग यांनी १९९० च्या दशकात केलेल्या उत्खननात मात्र टपालाने मागवलेली खेळणी, औषधांच्या बाटल्या, ग्रामोफोनच्या तबकड्या असे अवशेष सापडले. ‘तुटलेपणा’ हे वर्णन कितपत आणि संपादनाची सोय कितपत, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला. हॉर्निंग यांचे म्हणणे आता अधिक ग्राह्य धरले जाते.

मोबदला म्हणजे बाजारभाव. प्रकल्पामुळे वाढलेली किंमत त्यात धरत नाहीत (मिलर खटला, १९४३). पिढ्यानपिढ्यांच्या वास्तव्यालाही किंमत नाही, आणि जिथे खरेदी-विक्री क्वचितच होते तिथे बाजारभाव ठरवणे हेच अवघड काम.

दुसऱ्या अर्थाकडे वळल्यास, ग्रामीण भागातील बांधकाम-नियमांच्या अंमलबजावणीचे संघर्ष बहुधा स्थानिक पातळीवरचेच राहिले. कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो काउंटीत स्वतःच्या हाताने घर बांधणाऱ्यांनी १९७० च्या दशकात नोटिसांविरुद्ध संघटित लढा दिला. त्यातून ‘क्लास के’ नावाची सैल नियमावली आली. तिच्याखाली बांधलेल्या विरळ वस्तीतील घराला वीजजोडणीची सक्ती नाही. घर मात्र मालकाच्या स्वतःच्या राहण्यासाठी असावे लागते.