मागचा ॲक्सल आणि टायरची पकड: मस्टँगच्या निर्णयामागची पार्श्वभूमी

फोर्डने २००५च्या मस्टँग या गाडीला मागे पुन्हा अखंड ॲक्सल दिला, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच ताठ आडव्या ॲक्सलने जोडली, आणि त्यावर टीका झाली. असा ॲक्सल घोडागाडीपासून चालत आला. त्याची खरी परीक्षा झाली १९६०च्या दशकात. अमेरिकी गाड्यांची इंजिनं झपाट्याने ताकदवान झाली, पण मागे पोलादी पट्ट्यांची (पाट्यांची) स्प्रिंग तीच राहिली. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की टायर रस्ता धरतो, ॲक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) चाकाच्या उलट दिशेने पिळतं, पाटा नागमोडी वाकतो. टायर सुटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा धरतो. हे इतक्या झपाट्याने घडतं की गाडीचं मागचं टोक रस्त्यावर थडथडतं. शेव्हरोलेच्या एकपानी पाट्याच्या १९६७च्या कॅमेरोत हा त्रास ठळक होता. १९६८मध्ये एक शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवून तो आटोक्यात आणला गेला.

दुसरा दोष मूळ रचनेतलाच. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ ॲक्सलची उजवी बाजू उचलू पाहतो. साधं डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची जुळणी) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, त्यामुळे हलक्या झालेल्या उजव्या चाकाची पकड संपली की डाव्याचाही जोर तिथेच अडतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक वेगळं हलतं आणि डिफरन्शियल चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्ट केलेलं असल्याने हा पीळ चासीच झेलते.

मग २००५च्या नव्या मस्टँगला पुन्हा अखंड ॲक्सल का? मस्टँगच्याच १९९९ ते २००४च्या कोब्रा आवृत्तीला तर स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं होतं. टीकाकारांनी निर्णयाला काटकसर म्हटलं. खर्चाचा भाग होताच, पण तेवढ्यावर विषय संपवणं अन्यायाचं आहे. अखंड ॲक्सलवर जोर देताना गाडीचं मागचं टोक खाली बसलं तरी चाकं उभीच राहतात आणि टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला टेकते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकं बहुधा वरून आत झुकतात, भार आतल्या कडेवर जातो. शिवाय ॲक्सलचा पीळ त्याला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांमधून चासीत उतरतो. दांड्यांचे कोन नीट साधले तर गाडीचं बसणं बरंच रोखता येतं. २००५च्या रचनेत पाटे नव्हतेच: खाली दोन दांड्या, वर मधोमध एक आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. खडबडीत वळणावर मात्र एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसे, आणि तिथे टीका रास्त होती.

२०१५मध्ये मस्टँगच्या सगळ्याच आवृत्त्यांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. ड्रॅग रेसिंग (सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत) करणारे काही जण ते काढून अजूनही अखंड ॲक्सल बसवतात.